एकेचाळिसावा प्याला

आमच्या मंडळीला स्वतःचा पाळक नाही. एकच पाळकसाहेब पाच गावं सांभाळतात आणि खामगावला त्यांची पाळी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येते. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. बाकीचे रविवार आम्हीच चालवतो. शेवटच्या रविवारी उपासना संपली की अर्धा तास प्रश्नांचा असतो. दारापाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला विचारायचं असेल त्यानं चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. नऊ वर्षं त्या चिठ्ठ्यांना उत्तरं मी दिली.

मी काही शिकलेला उपदेशक नाही. एका जिनिंगच्या बाहेर धर्मकाटा आहे, तिथे मी कापसाच्या गाड्यांचं वजन करतो. भरली गाडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी गाडी घ्यायची, वजाबाकी करून चिठ्ठी फाडून द्यायची. एकवीस वर्षं हेच काम. पवित्र शास्त्र मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत अकरा वेळा वाचलेलं आहे आणि अध्याय-वचनांचे आकडे माझ्या लक्षात राहतात. एवढ्याच कारणानं पाळकसाहेबांनी हे काम माझ्याकडे दिलं.

प्रश्न साधेच असत. शेजाऱ्याकडे नवसाचं बोकड कापलं, जेवायला बोलावलं, तर जावं का? पहिलं करिंथ, अध्याय आठ. खाण्यानं देव जवळ येत नाही की दूर जात नाही, पण सोबतच्या दुबळ्या माणसाला अडखळण होत असेल तर नको. जिनिंग रविवारी चालू ठेवली तर कामावर जावं का? लेकराला काजळाची तीट लावली तर ते पाप का? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चुलत भाऊ चालतात, त्यांच्याबरोबर चाललं तर? हा प्रश्न दर वर्षी येई, कारण आमच्यातल्या निम्म्या घरांचे सोयरे बौद्ध आहेत. बरा होणार नाही अशा माणसाला बरा होशील म्हणावं का? प्रत्येक प्रश्नाला मी वहीत क्रमांक देत असे, पुढे वचन, त्यापुढे एका ओळीत उत्तर. लांबण लावत नसे. लोकांना ते आवडायचं.

माझ्या थोरल्या बहिणीला मात्र आवडायचं नाही. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या सोडून राहायची. उपासनेनंतर चहा प्यायला आमच्याकडे यायची आणि माझ्या बायकोसमोर मला टोचायची. "हा उत्तर नाही देत वं," म्हणायची, "हा काट्याची चिठ्ठी फाडून देते. भरली गाडी एवढी, रिकामी एवढी, चाल निघ."

मी म्हणायचो, मग काय चुकीचं वजन सांगू?

"वजन बरोबरच असते तुह्यं. पण गाडीवर कोण बसलं हाये ते तं पाह्य."

दोघी हसायच्या. मीही हसायचो.

दोनशे एकेचाळीस क्रमांकाची चिठ्ठी दिवाळीनंतर आली. नवा कापूस सुरू झाला होता आणि मी आदल्या दिवशी चौदा तास काट्यावर होतो, तरी चिठ्ठी मला नीट आठवते, कारण अक्षर सुंदर होतं. गोल, सरळ रेषेत, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं. मजकूर असा होता: एका बाईच्या मनात माझ्याविषयी राग आहे. तिला खरं सांगितलं तर दुसऱ्याचं नाव पुढे येतं. अशा वेळी मी प्रभुभोजन घ्यावं का?

मी विचार करायला पाव मिनिटही घेतलं नाही. मत्तय पाच, तेवीस आणि चोवीस. अर्पण वेदीपाशी आणलं आणि आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग यायचं. मी म्हणालो, यात दुसऱ्याचं नाव पुढे येतं की मागे राहतं याला जागा नाही. जावं, मिटवावं, मग प्रभूच्या मेजावर यावं. तोवर थांबावं. वहीत लिहिलं: आधी समेट, मग भोजन. पुढची चिठ्ठी उघडली.

प्रभुभोजनाची तयारीही माझ्याकडेच आहे. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून गाळायच्या, तो रस छोट्या प्याल्यांत भरायचा. प्याला अंगठ्याएवढा असतो. आमच्यात प्रभुभोजन घेणारे एकेचाळीस जण होते, म्हणून मी एकेचाळीस प्याले भरायचो. पुरुष उजवीकडे बसतात, बायका डावीकडे. थाळी हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाते आणि त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, कोण घेतंय हे कोणी बघत नाही, बघूही नये.

त्या चिठ्ठीनंतरच्या दुसऱ्या रविवारी एक प्याला भरलेला परत आला. मी हजेरी मोजली होती, सगळे होते. वाटलं, माझ्याकडून एक जास्त भरला गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा एक परत आला. तेव्हाही सगळे हजर होते, आणि प्याले मी दोनदा मोजले होते.

तिसऱ्या महिन्यापासून मी चाळीस भरू लागलो. चाळीस गेले आणि चाळीस रिकामे आले. मला बरं वाटलं, आकडा जुळला म्हणून. कोण घेत नाही हे विचारायला पाहिजे होतं, ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ज्याचं त्यानं स्वतःची परीक्षा करून घ्यावं, असं पहिलं करिंथ अकरा, अठ्ठाविसात आहे, आणि तेवढं मला पुरलं.

पुढच्या वर्षी गणपती बसले त्या सुमाराला ताईच्या पायांवर सूज यायला लागली. मग चालताना दम, मग बसल्या बसल्या दम. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलं आहे, फुप्फुसात पाणी झालं आहे. नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं, दोनदा पाणी काढलं, आणि मग घरी न्या म्हणाले. त्याचा अर्थ मला कळला. ताईला मूलबाळ नव्हतं. मी आणि बायको आळीपाळीनं तिच्याकडे राहू लागलो.

दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. आजाऱ्याला प्रभुभोजन घरी देतात. मी एक प्याला आणि भाकरीचा तुकडा रुमालात झाकून नेला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली तशी ताईनं हात हलवला.

"आता नको, साहेब," ती म्हणाली. "माहं अजून झालं नाई."

काय झालं नाही, असं त्यांनी हळूच विचारलं. ती भिंतीकडे वळली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. मी रुमाल तसाच परत घेतला. मला राग आला होता, हे लिहितो, कारण तो आला होता. इतक्या लांबून आलेल्या माणसाला असं परत पाठवतात का, असं मी तिच्या उशाशी बसून बोललो.

संध्याकाळी शेजारच्या सेविकाबाई अंगणात आल्या. निवृत्त अंगणवाडी सेविका, ताईची रोजची सोबतीण. त्या मला नळाजवळ घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की ताईनं शपथ घातली होती, पण आता शपथ पाळण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतरची ती सुंदर अक्षराची चिठ्ठी त्यांनी लिहिली होती. ताई सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. त्या दिवसापासून ताईनं भाकर घेतली नव्हती, प्याला घेतला नव्हता. आज अकरावा महिना.

ती बाई कोण, हे मला विचारावं लागलं नाही. दुसरा कोण, हेही नाही.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बुलढाण्यापलीकडच्या धाड गावच्या बौद्ध घरातले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही. त्यांना एकच बहीण, धाडला राहते, शेळ्या पाळते. ताई आणि तिची ही नणंद एकमेकींवर जीव टाकायच्या. नव्या तुरीच्या शेंगा निघाल्या की ती पोतडी भरून घेऊन यायची आणि चार दिवस मुक्काम करायची.

भाऊजी एका सकाळी अचानक गेले. दफनाची वेळ चार ठरली. मीच ठरवली, पाळकसाहेबांना संध्याकाळी दुसरीकडे पोचायचं होतं. नणंदेला सकाळीच फोन केला होता. ती जीपनं निघाली. चारला वीस मिनिटं कमी असताना फोन आला, जीप घाटात पंक्चर झाली आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. चार वाजले तसं मी सुताराला म्हणालो, झाकण लाव. ताई शवपेटीपाशी बसली होती. तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, "थांब ना भाऊ थोडं, त्या येऊन राह्यल्या." मी म्हणालो, वेळ झाली. सहा खिळे होते.

नणंद स्मशानभूमीच्या फाटकाशी पोचली तेव्हा चार वाजून सदतीस मिनिटं झाली होती आणि निम्मी माती पडली होती. तिच्या हातात नवं पांढरं कापड होतं, घडी न मोडलेलं. ती ताईला एवढंच म्हणाली, "तोंडही नाई दाखवलं?" ताईनं उत्तर दिलं नाही. नणंद त्याच जीपनं परत गेली आणि पुन्हा आली नाही. ही गोष्ट चिठ्ठीच्या दोन वर्षं आधीची. मला वाईट वाटलं होतं, पण चार म्हणजे चार, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

सेविकाबाई गेल्यावर मी आत गेलो. ताई जागी होती. मी विचारलं, तू धाडला गेली होतीस का?

"दोनदा गेली," ती म्हणाली. एकेका वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं. "पहिल्या बारीनं तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या बारीनं बाजारात भेटली. पाठ फिरवली."

मी म्हणालो, तिला सांगायचं होतं की तू थांब म्हणाली होतीस आणि मी ऐकलं नाही.

"कसं सांगू?"

"का? त्यात काय?"

"लोकं तुले इचारतात बरोबर काय, चूक काय," ती म्हणाली. "अर्धे लोकं तं सोयऱ्यातले. धाडची गोष्ट खामगावात याले किती येळ लागते? मग तुले कोण इचारीन?"

त्या रात्री मी वही काढली. दोनशे एकेचाळीससमोर एकच वचन होतं. आणखी एक वचन मला चिठ्ठी वाचली तेव्हाही आठवलं होतं, रोमकरांस पत्र बारा, अठरा: तुमच्याकडून जेवढं होईल तेवढं करून सगळ्यांशी शांतीनं राहा. जेवढं होईल तेवढं. माझ्या पुस्तकात त्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. दोन वचनं दिली की उत्तर सैल होतं, म्हणून मी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर दार लावून घेतलं त्याच दिवशी तिची सुटका झाली असती.

दोन दिवस सुट्टी मिळवण्यात गेले. बुधवारी पहाटेच्या एसटीनं बोथ्याचा घाट चढून बुलढाणा, तिथून धाड. साडेनऊला पोचलो. नणंद गोठ्यापुढे शेळ्यांना पाला टाकत होती. मला पाहून तिनं हातातलं काम सोडलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं की झाकण मी लावायला लावलं, ताईनं नाही.

"मले त्याच दिवशी समजलं ते," ती म्हणाली. "सुतारानंच सांगतलं. तुह्यावर मी काय रागवू? तू घड्याळाचा माणूस. पण ती माही होती. तिनं एकडाव तरी थांब म्हणायचं होतं."

"म्हणाली होती," मी म्हणालो.

तिनं हात थांबवला.

"बाही धरून म्हणाली होती. मीच थांबलो नाही."

ती पाल्याच्या भाऱ्यावर बसली. मी पुढचं सांगितलं: आजार, दवाखाना, आणि अकरा महिने तिनं प्रभुभोजन घेतलेलं नाही. तिला ते काय असतं ते नीट माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं.

"म्हंजे केवढं खाऊ घालतात?"

मी बोटाच्या पेरावर दाखवलं. एवढा तुकडा.

ती माझ्या बोटाकडे पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं की खामगावची गाडी किती वाजता असते. त्या दिवशी शेळ्या कोणाच्या हवाली करता येत नव्हत्या. उद्या येते म्हणाली. तिथूनच मी पाळकसाहेबांना फोन लावला. ते लांब होते, एका लग्नात. शनिवारी सकाळी येतो म्हणाले.

गुरुवारी दुपारी ती आली. पायरीवर चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन ताईच्या खाटेवर बसली. नणंदेनं तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि चेपत बसली. मग तिनं पिशवीतून फडकं सोडलं. ज्वारीची भाकर होती, सकाळची. वाटीत दूध मागितलं, तुकडा मोडला, भिजवला आणि ताईच्या तोंडाशी नेला.

"घे वं वहिनी. अकरा महिने उपाशी ठेवलं म्या तुले."

ताई तीन-चार दिवस पाण्याशिवाय काही घेत नव्हती. तिनं तोंड उघडण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

"हे चालते का रे, भाऊ?"

प्रश्न मला पूर्ण कळला होता. पाळक नव्हते, आशीर्वादाची प्रार्थना झालेली नव्हती, प्याला नव्हता, आणि देणारी बाई आमच्या मंडळीतली नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे ते प्रभुभोजन नव्हतं. मी वचन शोधलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा एकही आकडा समोर आला नाही.

मी म्हणालो, "चालते, ताई."

तिनं तो तुकडा खाल्ला. गिळायला वेळ लागला. दुसरा नको म्हणाली. नणंद तिचं तोंड पुसत होती आणि ताई तिच्याकडे पाहत होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

ताई शुक्रवारी दुपारी गेली, पाळकसाहेब यायच्या आदल्या दिवशी. शनिवारी ते दफनासाठी आले. वेळ मी ठरवली नाही. नणंद खोलीत होती. तिनं भाऊजींसाठी आणलेलं ते पांढरं कापड जपून ठेवलं होतं, ते ताईवर पांघरलं. सुतार दोनदा माझ्याकडे पाहून गेला. नणंद उठून म्हणाली, लावा, तेव्हा त्यानं झाकण लावलं. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही.

ताईचा शेवटचा प्रश्न मी वहीत लिहिला आहे. क्रमांक दोनशे अडुसष्ट. उत्तराच्या जागी 'चालते' आहे आणि वचनाची जागा रिकामी आहे. ते उत्तर बरोबर होतं का, हे मी पाळकसाहेबांना अजून विचारलेलं नाही. डबा दारापाशी आहेच, पण चिठ्ठ्यांना आता पाळकसाहेब उत्तर देतात, दुसऱ्या रविवारी.

प्याले अजून मी भरतो. शनिवारी मनुका भिजत घालतो, सकाळी रस गाळतो आणि चाळीस प्याले मांडतो. आता मंडळीत घेणारेही चाळीसच आहेत. थाळी मागच्या रांगेपर्यंत जाते आणि परत येते. मी मोजतो. एकही उरत नाही.